बोटाची कड

मी माझ्या लेकीला सुई टोचायला शिकवली, आणि चुकीची शिकवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी स्वतःला दोन शब्द बोलले तर कोणी मध्ये पडून माझी बाजू घ्यायला नको. आमच्या घरात तशी सवय आहे. म्हातारं माणूस आहे, जाऊ दे, म्हणतात. तेव्हा मी म्हातारी नव्हते. पंचावन्न-छप्पन्नची होते, केस काळे करत होते, आणि मधुमेहातलं आपल्याला डॉक्टरांच्या वरचढ कळतं असं समजत होते. ती बाई आज दारात येऊन उभी राहिली तर मी तिला आधी पाणी देईन आणि मग तिची खरडपट्टी काढीन.

तिची पद्धत काय होती ते ऐका. मला शुगर होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. इन्शुलिन चालू होतं, त्यामुळे दिवसातून बऱ्याचदा बोट टोचून बघावं लागायचं. मी टोचायचे डाव्या हाताचं मधलं बोट. नेहमी तेच. बाकीची बोटं कामाची, हे एक कामातून गेलं तर चालेल, असा विचार. टोचायचं ते टोकावर, बरोबर मध्यभागी, बोटाच्या गुबगुबीत गादीत. टोचायच्या पेनाला एक चकती असते, सुई किती खोल जाणार ते तिच्यावर ठरतं. ती मी शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवली होती, अर्धवट काम मला आवडत नाही म्हणून. आणि सुई गणपतीत बदलली तर तीच दिवाळीच्या फराळापर्यंत. खोक्यावर लिहिलेलं असतं की एकदा वापरून टाका. मी म्हणायचे, त्यांना सुया खपवायच्यात, ते लिहिणारच. शिवणाची सुई आपण एक टाका घालून फेकतो का?

सुई बोथट व्हायची, मग दुखायचं, मग रक्त नीट यायचं नाही, मग मी बोट लिंबासारखं पिळायचे. वर स्पिरिटचा बोळा. स्पिरिट झोंबलं की वाटायचं, हां, आता झालं औषधपाणी.

दुखायचं नाही असं नाही. पण मी आयुष्यभर तव्यावरची भाकरी हाताने उलटलेली बाई. बोटांची टोकं अशी निबर झालेली की चहाचं गरम पातेलं नुसत्या हातांनी उतरवायचे. त्या कातड्याचा मला गर्व होता. सोसण्यालाच शहाणपण म्हणतात, अशी माझी समजूत. दुखण्यावर काही उपाय असू शकतो हे डोक्यातच आलं नाही. दुखतंय ना, मग बरोबर चाललंय.

लेक मुलुंडला राहते. घराच्या पुढच्या खोलीतच तिचं पार्लर. तिला एकदा दिवस राहिले होते आणि तिसऱ्या महिन्यात गेले होते. त्यानंतर ती वर्षभर कुणाच्या बारशाला गेली नाही. पुन्हा राहिले तेव्हा आम्ही कोणी मोठ्याने बोलतसुद्धा नव्हतो, जणू आवाजाने काही हलेल. आणि सहाव्या महिन्यात तिला शुगर निघाली. गरोदरपणात होते ती. डॉक्टरांनी समजावलं की खाणं सांभाळायचं, रोज सकाळी उपाशीपोटी आणि प्रत्येक जेवणानंतर टोचून बघायचं. आकडे हातात राहिले तर भिण्यासारखं काही नाही. नाही राहिले तर इन्शुलिन द्यावं लागेल, कारण शुगर वाढली की पोटातलं बाळ नको इतकं वाढतं आणि जन्माच्या वेळेला त्याला त्रास होऊ शकतो.

लेकीने त्यातलं एवढंच ऐकलं की बाळाला त्रास. मी एवढंच ऐकलं की टोचायचं आहे.

“उद्या दवाखान्यातल्या सिस्टर दाखवणार आहेत, कसं टोचायचं ते,” लेक फोनवर म्हणाली.

“सिस्टर कशाला? मी काय मेले?”

“अगं, त्यांची पद्धत असते.”

“आणि माझी नसते? रद्द कर ते. मी येते.”

तिने रद्द केलं. मी घाटकोपरहून बस पकडली. एलबीएस रोड मेट्रोसाठी खणून ठेवलेला, कांजूरपासून बस मुंगीच्या पावलाने. मी खिडकीशी बसून मनातल्या मनात धडा घोकत होते. इतकी खूश मी तिच्या लग्नातही नव्हते. बाळंतपणात आईचं काम असतं म्हणतात, ते मला सहाव्या महिन्यातच मिळालं होतं.

तिच्यासाठी नवं पेन आणलं होतं, नवी सुई घातली, एवढी अक्कल होती. चकती फिरवून माझ्या आकड्यावर आणली. बोट धरलं, मधलंच. खाट्.

लेक खुर्चीतून उठलीच. “आई गं.”

“काय झालं? मुंगी चावल्यासारखं तर वाटतं.”

“ती मुंगी बघायचीय मला एकदा.”

“सवय होते. दाब आता. जोरात दाब. आणि ही सुई टाकू नकोस लगेच, चांगली आहे अजून.”

तिने दाबलं. ओठ आवळून दाबलं. मी पाठ थोपटली.

आता मी माझ्या लेकीचं काम काय ते विसरले होते, हे कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. मी स्वतः तिच्याकडे भुवया करून घेते. थ्रेडिंग करताना दोऱ्याचं एक टोक दातात, बाकीचा दोरा दोन्ही हातांच्या बोटांत, आणि त्याला पीळ देऊन तो सारखा उघडायचा-मिटायचा. दोरा बोटांच्या टोकांवरून करकचून घासत जातो. लग्नसराई होती. दिवसभर बायका येत होत्या. तिने मधलं बोट टोचलं, ते सुजलं म्हणून तर्जनी टोचली, मग अंगठा, आणि प्रत्येक टोचलेल्या जागेवरून तो दोरा. एका बाईची डावी भुवई तिच्या हातून इतकी वर गेली की ती बाई पुढे कितीतरी दिवस सगळ्यांकडे संशयाने बघत होती. हे मला फार नंतर कळलं.

तेव्हा मला कळत होते ते फक्त आकडे. मी सांगून ठेवलं होतं, टोचलं की मशीनचा फोटो काढून पाठवायचा. नुसता आकडा लिहून चालणार नाही. मी किती हुशार बघा. नाश्ता झाला की तिचा फोटो यायची वेळ व्हायची, आणि मी घाटकोपरच्या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालायचे. गॅलरीत जायचे, खालचा नारळपाणीवाला बघायचे, आत यायचे, डाळीचा डबा उचलून तिथेच ठेवायचे. फोन टीव्हीवर ठेवायचा आणि दुसऱ्या खोलीत जायचं, म्हणजे वाट बघतोय असं वाटू नये. मग दोन मिनिटांत परत येऊन बघायचं. फोटो आला की आधी आकडा, मग देवाला हात. थोडा वेळ बरं जायचं. मग दुपारच्या जेवणाची वेळ व्हायची आणि पायांना पुन्हा भिंगरी.

आकडे सुरुवातीला जरा वर-खाली होते. मग सुंदर यायला लागले. मी बिल्डिंगभर सांगत सुटले की आमच्या हिची शुगर आता काट्यावर आहे, माझी पद्धत आहे ना. सातव्या महिन्यात डोहाळजेवण केलं. मुलुंडलाच, घरातल्या घरात. कोणी जिलबी भरवतंय, कोणी बासुंदीची वाटी तोंडाला लावतंय. मी ओरडत होते, घास घास द्या, पोरीला शुगर आहे. पण डोहाळजेवणाला कोण ऐकतं? ओटी भरणारी प्रत्येक बाई म्हणायची, एकाने काय होतंय. त्या दुपारचा फोटो मी घरी पोचल्यावर आला. आकडा इतका देखणा की मी शेजारणीचं दार वाजवून तिला दाखवला.

शेजारीण म्हणाली, “बासुंदी खाऊन एवढाच?”

मी म्हटलं, “टोचण्यावर असतं ते.”

घरात आले आणि मला चैन पडेना. बासुंदी खाऊन एवढाच? मी स्वतः अर्धी वाटी खाल्ली होती आणि माझं मशीन बोंबलत होतं. म्हणजे तिचं शरीर तरुण, म्हणून. म्हणजे भुकेली असेल, म्हणून. म्हणजे मशीन बिघडलंय. मी एकेक कारण शोधायचे आणि ते दिवसभर टिकायचं नाही. फोन केला तर ती म्हणायची, “सगळं ठीक आहे गं, ठेव आता, क्लायंट आहे.” आवाज ठीक नव्हता. आईला आवाज कळतो, म्हणतात. कळतो, पण काय कळलं ते कळत नाही.

रविवारी मी दोघांना घाटकोपरला जेवायला बोलावलं. बांगड्याचं तिखलं केलं, तिच्यासाठी भाकरी छोटी, भात मोजका. जावई आमच्याकडचेच, मालवणच्या बाजूचे. सरळ माणूस, एका खाजगी ऑफिसात हिशेब बघतात, बोलतात कमी. पण बांगडा पानात पडला की त्यांचं डोकं खाली जातं ते काटे उरेपर्यंत वर येत नाही. त्या दिवशी ते ताटावर बसले आणि म्हणाले, “आई, एक चमचा द्या ना.”

“आमटीला?”

“नाही, असंच.”

मी चमचा दिला आणि बघत बसले. चमच्याने बांगडा उकरायला लागले. मासा इकडे, काटा तिकडे.

“जावईबापू, चमच्याला काटे कळतात का?”

“सवय लावतोय. ऑफिसात सगळे चमच्यानेच खातात.”

“ऑफिसात बांगडा खातात?”

लेक म्हणाली, “आई, खाऊ दे ना त्याला.”

ती हे बोलली ते ताटाकडे बघून. तिचेही हात मांडीवर. भाकरीला अजून हात लावला नव्हता. काहीतरी लपवतायत, एवढं मला कळलं. मी मुद्दाम पळीभर रस्सा त्यांच्या भातावर घातला, चमच्यासकट. त्यांनी चमचा सावरायला हात घातला, तिखट रस्सा बोटांना लागला, आणि मालवणचा माणूस, ज्याने तिखल्यात आयुष्य काढलं, तो फुंकर मारत बोटं झाडायला लागला.

“हात दाखवा.”

“काही नाही, आई.”

“दाखवा म्हटलं ना.”

त्यांनी डावा नाही, उजवा नाही, दोन्ही हात पुढे केले, शाळेत छडी खायला करतात तसे. बोटांच्या गाद्यांवर बारीक काळपट ठिपके. मधल्या बोटावर सगळ्यात जास्त. माझीच पद्धत, मी ओळखणार नाही?

“तुम्हालासुद्धा शुगर?” मी विचारलं. खरंच तसंच वाटलं मला.

लेकीने मान हलवली, नाही म्हणून. मग जावई म्हणाले, “ती रडायची, आई. टोचायची वेळ झाली की आधीपासूनच रडायला लागायची. म्हटलं, आजच्या दिवस माझं बोट घेऊ. एका दिवसाने काय होतंय.”

“आणि मग?”

“मग दुसरा दिवस आला.”

मला त्याचा अर्थ लागायला जरा वेळ लागला. ते सगळे फोटो. तो बासुंदीनंतरचा आकडा. मी शेजारणीला दाखवला तो. सगळं ह्यांचं रक्त, दुपारचं तर मशीन ऑफिसात नेऊन टोचलेलं. मी जावयाच्या रक्ताला हात जोडत होते.

“डॉक्टरांना कुठले आकडे दिले?”

लेक म्हणाली, “तेच.”

म्हणजे बाळाला पोटात काय चाललंय ते आमच्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. मी उठले. ओट्याशी गेले. गॅस पेटवला, वर काही ठेवलं नव्हतं, बंद केला. परत आले. परत गेले. मला तिला मारावंसं वाटत होतं आणि कुठे हात लावू तेही सुचत नव्हतं.

“अगो, तुका इतकाय कळना नाय?” रागावले की माझी मालवणी बाहेर येते. “पोटातल्याचा प्रश्न आहे. सुईला भितेस? कोणाला सांगितलंस तरी का नाही?”

“कोणाला सांगू? तुला?” तिचा आवाज चढला. “तू म्हणालीस मुंगी चावल्यासारखं. तू हसत हसत टोचतेस. मला वाटलं, सगळ्यांना असंच टोचत असणार आणि मलाच सोसत नाही. एक सुई सोसत नाही आणि आई व्हायला निघालेय. हे सांगू कोणाला?”

तिने हात वर घेतले. निळसर झालेली बोटं, टोकांना चिरा, अंगठ्याला दोऱ्याने कापलेलं. मी ते हात धरायला गेले तर तिने मागे घेतले. टोचायला धरतेय असं वाटलं तिला. माझ्याच मुलीला.

बांगडे तसेच राहिले.

सोमवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आम्ही तिघं बाहेर उभे. मी बाकावर बसायचे, उठायचे. जावई म्हणाले, “आई, बसा ना.” मी म्हटलं, “तुम्ही बसा, तुमची शुगर चांगली आहे.” ते बिचारे खरंच बसले.

डॉक्टर लेकीच्याच वयाची बाई. तिने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही बोलली नाही, त्यामुळे आम्हाला सगळं सांगावं लागलं. मग जावयाकडे बघून म्हणाली, “यांचे आकडे फार छान आहेत. बाळ यांना होणार असतं तर मला काही काळजी नव्हती.” कोणी हसलं नाही. “टोचायला कोणी शिकवलं?”

जावई माझ्याकडे बघायला नको म्हणून खिडकीकडे बघायला लागले. तेवढं बघूनच डॉक्टरला कळलं.

“दाखवा, काकू. तुम्ही कसं टोचता?”

मी पर्समधून माझं पेन काढलं. स्पिरिटचा बोळा काढला. तिने पेन माझ्या हातातून घेतलं, सुई बघितली, चकती बघितली. “ही सुई केव्हाची?”

“चांगली आहे अजून.”

तिने ती काढून टाकली. मग माझं मधलं बोट हातात घेऊन गादीवर नख हलकेच दाबलं आणि विचारलं, “इथे दाबलेलं कळतंय?” मला नीट कळत नव्हतं. मी म्हटलं, “कळतंय की.” तिने उगाच वाद घातला नाही.

मग तिने लेकीला समोर घेतलं. आधी हात कोमट पाण्याने धुवायला लावले आणि चांगले कोरडे करायला सांगितले. कोमट पाण्याने रक्त बोटांत उतरतं आणि बोटाला काही गोडधोड लागलेलं असेल तर तेही जातं, म्हणाली; पाण्याने धुतलं की रोज स्पिरिट नको, त्याने कातडी सुकून फाटते. हात खाली सोडून थोडा हलवायला लावला. नवी सुई. दर वेळेला नवी, बोथट सुई कातडी फाडते. चकती अगदी खालच्या आकड्यावर. थेंब नाही आला तरच एक घर वर. “आता, काम कुठल्या बोटांनी करतेस?”

लेकीने हवेतच दोरा धरून दाखवला. अंगठा, तर्जनी, मधलं.

“मग ती तीन सुटीवर. करंगळी आणि तिच्या शेजारचं, दोन्ही हातांची. आळीपाळीने. आणि टोकावर मध्ये नाही. इथे.” तिने करंगळीशेजारच्या बोटाची कड दाखवली, नखाच्या बाजूला, जिथे आपण बोट कशावर टेकवत नाही. “वस्तूला लागतो तो मधला भाग. दुखणं कळतं तेही तिथेच जास्त. कडेला कमी. आणि पिळायचं नाही. तळव्याकडून टोकाकडे हळू हात फिरवायचा, येतं आपोआप.”

लेकीने डोळे गच्च मिटले. खाट् झालं. तिने डोळे मिटलेलेच ठेवले.

“टोच ना,” ती म्हणाली.

“झालं,” डॉक्टर म्हणाली.

थेंब आलेला होता. छोटासा, पुरेसा. लेकीने डोळे उघडून बोट उलटसुलट बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ती नजर मला नको होती. मी पर्सची चेन लावत बसले, लावलेली होती तरी.

आकडा वाईट आला. खूप नाही, पण वाईट. लागलीच सोनोग्राफी केली, बाळाचं पोट आठवड्यांच्या मानाने थोडं मोठं निघालं. डॉक्टरने त्या दिवशीच इन्शुलिन लिहून दिलं आणि म्हणाली, अजून वेळ आहे, पण आता मला खरे आकडे हवेत, चांगले नकोत. लेकीने मान हलवली. रिक्षात ती रडली, आवाज न करता, आणि तिचा एक हात पोटावर होता. मी तिच्या आणि जावयाच्या मध्ये बसले होते आणि मला कुठे बघावं कळत नव्हतं. भांडुपचा सिग्नल सुटत नव्हता. मी म्हटलं, “माझ्यामुळे झालं.” तिने तोंड बाहेर फिरवलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी मुलुंडलाच राहिले. काम एकच, गप्प बसायचं, आणि ते मला जन्मात जमलेलं नाही. टोचायची वेळ झाली की मी मोरीतली बादली घासायला जायचे, म्हणजे तोंड उघडायला नको. ती कोमट पाण्याने हात धुवायची, पुसायची, कड शोधायची, टोचायची. पहिल्या दिवसांत पेन दोन-दोनदा खाली ठेवायची. मग एकदाही नाही. अंगठ्याच्या चिरा भरून आल्या. रात्री बोटांना खोबरेल लावायची, सकाळी साबणाने काढायची. पार्लरमध्ये बायकांच्या भुवया पुन्हा जोडीजोडीने सारख्या जायला लागल्या.

आकडे मात्र धड नव्हते. कधी खाली, कधी वर, इन्शुलिन वाढवा, पुन्हा बघा. ती आता फोटो मला पाठवत नव्हती, डॉक्टरला पाठवायची. मी बादली घासता घासता कान लावायचे. पेनाचा खटका ऐकू यायचा. मग मशीनची टूं. मग काही नाही. ह्या ‘काही नाही’मध्ये माझा जीव वर-खाली. बाहेर येऊन तिच्या चेहऱ्यावर वाचायला बघायचे तर ती म्हणायची, “काय? बादली झाली घासून?”

एका दुपारी ती झोपली असताना मी माझं टोचायला बसले. कोणी नाही असं बघून कोमट पाणी केलं. नवी सुई घातली, जड हाताने, कारण जुनी चांगली होती. चकती खाली आणली. करंगळीशेजारचं बोट घेतलं, ज्याला मी आजवर कधी त्रास दिला नव्हता, आणि कडेला टोचलं.

मी वाट बघत राहिले. दुखायचं राहिलंय, येईल, म्हणून. आलंच नाही. थेंब मात्र आला होता.

मग मी ती सुई काढून टाकून दिली, एकदाच वापरलेली. ती सगळी वर्षं. रोजचं ते लिंबू पिळणं, ते दात आवळणं, ते शौर्य. कोणी सांगितलं नव्हतं असं नाही, खोक्यावर लिहिलेलं होतं. मला सोसायला आवडत होतं. सोसणं एवढंच मला येत होतं आणि मी तेच लेकीला आंदण दिलं. जावयाने ते तिच्या हातून काढून स्वतःकडे घेतलं, चुकीचं का होईना. त्या माणसाला मी चमच्यावरून बोलले.

संध्याकाळी ते ऑफिसातून आले तेव्हा मी त्यांच्यासाठी बांगडे तळले. त्यांनी हाताने खाल्ले.

दिवस भरत आले तसतशी मी सगळ्यांना नकोशी झाले. पंखा कमी करा, जास्त करा, जिना हळू उतर, रिक्षावाल्याला हळू चालवायला सांगा. शेवटच्या सोनोग्राफीत बाळ मोठंच होतं, पण डॉक्टरच्या अंदाजात बसेल इतपत. जन्मानंतर त्याची शुगर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून सुरुवातीला परत परत बघावी लागेल, ती म्हणाली. मी विचारलं, बघणार म्हणजे कशी? ती म्हणाली, टाचेतून.

टाचेतून. हा शब्द घेऊन मी उरलेले दिवस काढले. टाच केवढी असते? माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी. तिथे टोचणार? मी लेकीला विचारलं नाही, तिनेही काढलं नाही. आम्ही दोघी झबली घडी करत होतो आणि मला प्रत्येक झबल्यातून दोन पाय बाहेर आलेले दिसत होते.

मुलगी झाली. सकाळी झाली, सिझेरियन करून. गोरी नाही, सावळी नाही, लालबुंद, आणि रागावलेली. पाजून झालं, पहिली शुगर बघून झाली तेव्हा मी खाली औषधांच्या रांगेत होते. आकडा जरा कमी होता, म्हणून पुन्हा पाजायला लावलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा बघणार असं ठरलं. तेव्हा मी खोलीत होते. बाहेर जायचं ठरवलं होतं, पाय निघाले नाहीत.

सिस्टर आली. तिने कोमट फडकं बाळाच्या टाचेभोवती गुंडाळून धरलं, तान्ह्या पाखराला धरावं तसं. लेक पलंगावर आडवी, टाके ओढत होते, तरी मान वर करून बघत होती. जावई पायथ्याशी. बाळ झोपलेलं. सिस्टरने फडकं काढलं, टाचेची कड अंगठ्याने चाचपली. माझे डोळे केव्हा मिटले मला कळलं नाही. मी भिंतीला पाठ लावून उभी होते आणि माझ्या दोन्ही हातांत पदर होता. खटका झाला. बाळ रडलं, एकदाच, तुटक. मग मशीनची टूं. मग काही नाही. सिस्टर लेकीला हळू काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही, आणि मला विचारायचं धाडस नव्हतं. मग पलंगाकडून लेकीचा आवाज आला, थकलेला, खरखरीत.

“झालं तिचं. आकडा चांगला आहे. उघड आता डोळे, आई. मला टोचताना बरे टक्क उघडे असायचे तुझे.”